जिनिंगचा धूर आणि सासूबाई

लग्न होऊन मी धामणगाव बढ्याहून मोताळ्याला आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. राज्यही नवं आणि मीही नवी. स्थळ आणणाऱ्याने माझ्या वडलांना सांगितलं होतं, "मुलगा इंजिनावर आहे." वडील आगगाडीचं इंजिन समजले. आईने तर शेजारच्या दोन-तीन घरी सांगूनही टाकलं, की आता लेकीमागे आम्हालाही फुकटात काशी घडेल. मांडवात उलगडा झाला की हे इंजिन जागचं हलत नाही. ते मोताळ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत जमिनीला बोल्टांनी जखडलेलं आहे, आणि जावई त्या इंजिनावरही नाहीत, त्याला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरवर आहेत. आई म्हणाली, "जाऊ द्या, माणूस हसरा दिसते."

माणूस हसरा होता हे खरं. दात तेवढे पांढरे दिसायचे, कारण बाकी सगळा काळा असायचा. त्यांचं काम आगवाल्याचं. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहायचं, फावड्याने कोळसा आत ढकलायचा, निखारे खालीवर करायचे, राख ओढून काढायची. दिवाळीपासून चैत्रापर्यंत कापसाचा हंगाम, तेवढे महिने भट्टी विझायची नाही. माहेरी आमच्या घराच्या पुढे कपाशी, मागे कपाशी. कापूस गाडीत भरला की गेला, एवढंच मला ठाऊक. पुढे त्याची सरकी आणि रुई वेगळी करायला इतका कोळसा जाळावा लागतो, हे मला सासरी येऊन कळलं, आणि तेही पहिल्याच सकाळी.

त्या सकाळी मी हळदीचं पातळ धुतलं आणि धाब्यावर वाळत घातलं. आमच्या आळीतली सगळी घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची. वाळवण म्हणा, झोपणं म्हणा, भांडण म्हणा, सगळं वरच. तासाभराने पातळ काढायला गेले तर त्यावर बारीक काळे ठिपके. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एखाद्या छापखान्यातून काढून आणल्यासारखे. पुसायला गेले तर ठिपक्याची रेघ झाली. मला वाटलं, कोणीतरी काहीतरी केलं. धावत खाली आले.

"आत्याबाई, पातळावर कोणीतरी काहीतरी टाकलं हो."

सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोन टाकते? तुह्या नवऱ्यानंच पाठोलं थे. सकाऊनच भट्टीत कोयसा भरला त्यानं. नव्या बायकोले काहीतरी धाडाव वाटलं असन."

त्या कोळशाला 'कोयसा' म्हणत. काळ्याला 'काया'. आमच्याकडे 'ळ' फारसा कोणी वापरत नाही. सासूबाई बुटक्या, अंगाने काटक, आणि आवाज असा की जिनिंगचा भोंगा बिघडला तर त्यांना उभं करावं. तरुणपणी त्याच जिनिंगमध्ये त्यांनी कापूस निवडायचं काम केलं होतं. नवरा लवकर गेला. एक मुलगा, एक मुलगी वाढवली. मुलगा जिनिंगच्या भट्टीवर लागला याचा त्यांना अभिमान होता आणि त्याच भट्टीचा धूर घरात येतो याचा राग होता. अभिमान आळीत सांगायच्या. राग मुलावर काढायच्या.

"काऊन रे, आज इतका काया धूर काऊन सोडला?"

"माय, मी सोडला का? कोयसाच तसा आला. चांद्याकडचा हाये. निरा दगड अन् माती."

"मंग नको टाकू न तो."

"नको टाकू तं सरकी काढाचे रेचे कशे फिरतीन? तू फिरवतं का?"

"थोडा थोडा टाकत जाय. म्हंजे धूर थोडा थोडा निंघन."

"माय, मी काय बिडी ओढून राह्यलो का, थोडा थोडा सोडाले?"

असा हा संवाद रोज. जेवायला बसण्याआधी होऊन जायचा. मग सासूबाई त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. गुळाने छातीतली काजळी उतरते असं जिनिंगमधले सगळेच मानत. उतरत होती की नाही कोण जाणे, पण सकाळी चूळ भरताना ते थुंकायचे ते काळंच असायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरले. ते हसत म्हणाले, "काही नाई. हे माह्यं नाई, जिनिंगचं हाये."

आमच्या आळीचं आणि त्या कोळशाचं नातं तसं सोपं नव्हतं. बॉयलरमधून निघालेली राख जिनिंगच्या मागे नाल्याकाठी टाकत. तिच्यात अर्धवट जळालेले खडे असत. रोज संध्याकाळी बायका टोपल्या घेऊन जात आणि ते खडे वेचून आणत. आळीतल्या बहुतेक शेगड्या त्यावरच पेटत. म्हणजे धुराला शिव्या घालून घसा कोरडा पडला की चहा करायचा तो त्याच कोळशावर. सासूबाईंना मी एकदा हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग? त्यानं आमचं पातय काया केलं, त्यानं आमचा चहाबी करून द्याव."

समोरच्या घरातली मावशी दार लावून शेगडी पेटवायची. तिला एकदा घेरी आली आणि ती शेगडीपाशीच आडवी झाली. वेळेवर दार उघडलं म्हणून वाचली. तेव्हापासून आळीत नियम झाला की शेगडी आधी अंगणात पेटवायची, लाल झाली की आत न्यायची. आता अंगणातही धूर आणि वरूनही धूर. पावसाळ्यात नाल्याचं पाणी राखेवरून वाहत यायचं आणि त्यात उतरलेल्या पांढऱ्या बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत काळे होऊन निघायचे. मोजे घातलेला बैल आला, असं पोरं ओरडायची.

माझ्या पहिल्या चैत्रात कुरड्यांचा दिवस आला. गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून त्याचा चीक काढायचा, तो पहाटे शिजवायचा, सोऱ्यातून पाडायच्या. चार घरांनी मिळून हे काम काढलं होतं. आदल्या दिवशी सासूबाईंनी मुलाला बजावलं, "उद्या धूर करू नको."

"मालकाले सांगतो न," ते म्हणाले, "माह्या मायच्या कुरड्या हायेत, जिनिंग बंद ठेवा."

उन्हं वर येईपर्यंत आमच्या धाब्यावर कुरड्याच कुरड्या. पांढऱ्याशुभ्र, ओल्या, चमकणाऱ्या. माझी नणंद, तेव्हा ती लग्नाची होती, कावळे हाकलायला काठी घेऊन बसलेली. आम्ही बायका खाली भांडी घासायला उतरलो, आणि वरून नणंदेची हाक आली, "माय व, लवकर वर ये!"

झालं असं, की बॉयलरच्या नळ्यांत साठलेली काजळी मधूनमधून काढावी लागते. ती काढली की एकदम धुराड्यातून उसळून बाहेर पडते. त्या दिवशी तीच पाळी निघाली. यांना ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता, आणि भट्टी सोडून घरी सांगायला येणं शक्य नव्हतं. आम्ही वर पोचलो तेव्हा हवेतून काजळी सावकाश उतरत होती, मऊ, हलकी, काही घाई नसल्यासारखी. आणि ओल्या कुरडईवर पडली की तिथेच बसत होती.

मावशी रडायला लागली. दुसरी एक फुंकर मारून काजळी उडवायला गेली तर आणखी चिकटली. सासूबाईंनी परात घेतली, तिच्यात कुरड्या भरल्या, परात डोक्यावर ठेवली आणि जिना उतरल्या. मी दारात पदर सावरत उभी राहिले, तर म्हणाल्या, "तूबी चाल. तुह्या नवऱ्याचा मामला हाये."

जिनिंगचे मॅनेजर बाहेरगावचे होते. गोरेपान, आणि कपडे त्याहून गोरे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. त्यांचं ऑफिस धुराड्याच्या पश्चिमेला आणि वारा बहुतेक पश्चिमेचाच, त्यामुळे काजळी त्यांच्याकडे कधी फिरकायची नाही. दहा-बारा बायका आणि एक परात आत शिरलेली पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"हे काय आहे?"

"कुरड्या हायेत साहेब. तुमच्या धुरानं अशा केल्या."

"बाई, धूर वर जातो. म्हणून तर धुराडं एवढं उंच बांधलंय."

"वर जाते न?" सासूबाई म्हणाल्या. "मंग वर काय त्याचं घर हाये? तिथंच राह्यते का तो? वर जाते, थोडा फिरते, अन् आमच्या घरी मुक्कामाले येते."

मुनीम खाली मान घालून हसायला लागले. मॅनेजर म्हणाले, "तुमचाच मुलगा भट्टीवर आहे ना? त्याला विचारा."

"त्याले रोज इचारतो. तो म्हनते, माह्यं काही नाई, कोयसा वाईट हाये. आता कोयशाले इचारू का?"

"अहो, थोडी काजळी पडली तर असं काय बिघडतं?"

सासूबाईंनी परात टेबलावर ठेवली. "काही बिघडत नाई न? मंग तुमचं धोतर द्या."

"काय?"

"नेसलेलं नाई मांगत, दुसरं द्या. मी माह्या हातानं धुतो, नीय घालतो, अन् माह्या धाब्यावर वायू घालतो. संध्याकाऊन तुम्ही नेसून दाखवा. काही बिघडलं नाई तं मी पुन्हा या फाटकात पाय ठेवनार नाई."

बॉयलरच्या दाराशी हे उभे होते. आपली आई आपल्या मॅनेजरचं धोतर मागते आहे हे कानावर पडताच ते जे कोळशाच्या ढिगामागे गेले ते आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत दिसले नाहीत.

सगळ्यांसमोर नाही म्हणणं मॅनेजरना जड गेलं असावं. दुसऱ्या सकाळी त्यांचा चपराशी धोतर घेऊन आमच्या दारात हजर. सासूबाईंनी ते घासून धुतलं, नीळ घातली, आणि धाब्याच्या मध्यभागी दोरीवर पसरलं. आळीतल्या सगळ्या बायका आपापल्या धाब्यांवरून बघत बसल्या. आणि त्या दिवशी वारा फिरला. पूर्वेकडून वाहायला लागला. धुराड्यातून निघालेला धूर आमच्याकडे पाठ करून मॅनेजरच्या ऑफिसावरून निघून गेला. संध्याकाळी धोतर बगळ्यासारखं.

चपराशी आला. "साहेबांचं धोतर?"

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "वलं हाये अजून."

चैत्रातलं ऊन. शेणाची गोवरी थापता थापता वाळावी असं. चपराशाने आभाळाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वारा पूर्वेचा. सासूबाईंनी धोतर पुन्हा भिजवलं, पुन्हा पसरलं. चपराशी आला. "वलं हाये अजून." तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाई, साहेबाकडं दोनच धोतरं उरली. एक नेसलं की एक वाळते. मले रोज बोलनी बसून राह्यली."

"मंग त्याईले सांग, तुमच्या अंगनात लवकर वायते, आमच्या नाई. इकडं हवा जड हाये."

मजा अशी, की इतके दिवस ज्या काजळीला आम्ही शिव्या दिल्या तिचीच आता वाट पाहू लागलो. बायका एकमेकींना धाब्यावरून विचारत, "पडली का व?" "नाई व, अजून नाई." हे एकदा जेवताना हळूच म्हणाले, "माय, तू म्हनत असशीन तं उद्या दोन फावडे जास्त टाकतो." सासूबाई भडकल्या. "असं खोटं काम आपुन करत नाई. जे पडते थे आपल्या पायानं पडन."

आणि एका दुपारी वारा पश्चिमेवर आला. सासूबाई जिन्यावरून अशा धावल्या की पोटऱ्या दिसल्या. धोतर चितळाच्या कातडीसारखं ठिपक्यांचं झालं होतं. एकही ठिपका गळू नये म्हणून त्यांनी ते दोन बायकांना धरायला लावून घडी केलं, आणि चपराशाच्या हातात दिलं. "घे. वायलं."

संध्याकाळी मॅनेजरनी ह्यांना ऑफिसात बोलावलं. नोकरी गेली असंच धरून हे गेले. मॅनेजरनी धोतर टेबलावर पसरलं होतं आणि ते बघत बसले होते. मग म्हणाले, "आईला सांगा, काजळी काढायच्या आधी भोंगा देत जाऊ. एक लांब, दोन आखूड. तेवढ्यात त्यांनी वाळवण झाकून घ्यावं. आणि तुम्ही कोळसा एकदम ढिगाने टाकू नका. थोडा थोडा टाका."

हे घरी आले ते चिडून. "थोडा थोडा टाका म्हनते! तूच शिकोलं का त्याले?" सासूबाईंनी हातावर ठेवलेला गुळाचा खडा मात्र त्या दिवशी मोठा होता.

त्या भोंग्याने पुढे गावात बरेच घोटाळे केले. एक लांब, दोन आखूड झाला की आमच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून पातळं, चादरी, गोधड्या घेऊन धाब्यांवर धावत. पण जवळच्या शेतातल्या निंदणाऱ्या बायकांना वाटायचं, जेवायची सुट्टी झाली. त्या बांधावर येऊन भाकरी सोडायच्या. शाळेच्या गुरुजींनी एकदा त्यावर वर्ग सोडून दिला. नवा आलेला एक एसटी ड्रायव्हर मोताळ्याच्या स्टँडवर भोंगा ऐकून घाईघाईने गाडी घेऊन निघाला, आणि कंडक्टर मागून पळत सुटला. पण कुरड्या पांढऱ्या राहू लागल्या.

पहिल्या त्या काळ्या कुरड्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. एवढा गहू टाकून देणं जिवावर आलं. सासूबाईंनी त्या वाळवून डब्यात भरल्या. नणंदेला पाहायला पाहुणे आले तेव्हा पांढऱ्या कुरड्या अजून व्हायच्या होत्या, म्हणून त्याच तळल्या. मुलाची आई कुरडई उजेडात धरून म्हणाली, "हे काय काया काया?"

सासूबाई म्हणाल्या, "तीळ व बाई. काये तीळ. आमच्याकडं टाकतात. पोटाले चांगले."

पाहुणीने आणखी दोन घेतल्या. खाऊन झाल्यावर म्हणाली, "वास येऊन राह्यला जरा धुराचा, पन रुची चांगली. कशे टाकता तीळ, चीक शिजवताना का मांगून?" सासूबाई म्हणाल्या, "मांगून. वरून." नणंद आत तोंडात पदर कोंबून बसली होती. लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या जिल्ह्यात, रेल्वेलाइनीच्या बाजूच्या एका गावचा. तिथे विजेचं मोठं घर झालं होतं आणि त्याला तिथे काम मिळालं होतं. स्थळ चांगलं म्हणून आळीत सासूबाईंनी मिरवून सांगितलं, "जावई लाईट बनवते."

ती लाईट काही वर्षांनी मोताळ्यात आली. आधी खांब आले, मग तारा आल्या. जिनिंगच्या मालकाने विजेच्या मोटारी बसवल्या. एका हंगामात बॉयलर पेटलाच नाही. धुराड्यातून काही निघेना, त्याच्या तोंडावर कावळे बसू लागले. सासूबाईंनी आळीत गूळ-शेंगदाणे वाटले.

ह्यांना मॅनेजरनी काढलं नाही. मोटारींना तेलपाणी करायला आणि बटणं दाबायला ठेवलं. ते घरी येत तेव्हा गोरे दिसत, आणि काही दिवस मला परक्या माणसासमोर बसल्यासारखं वाटे. ते स्वतः मात्र उदास. "सकाऊन एक बटन दाबतो," ते म्हणायचे, "संध्याकाऊन तेच बटन दाबतो. मधात काय करू, सांग." भट्टीसमोर उभं राहून त्यांना आगीशी बोलायची सवय लागली होती. मोटारीशी काय बोलणार? सकाळचं थुंकणं मात्र बराच काळ काळंच राहिलं, आणि खोकला तर नंतर कायमचाच झाला. मावशीचा खोकलाही गेला नाही. वेचायला खडे उरले नाहीत, तेव्हा आळी लाकूडफाट्यावर आली. भोंगाही बंद झाला, आणि बायकांना दुपार कधी झाली ते कळेना.

जिनिंगच्या आळीला मालकाने घरटी एकेक बल्ब दिला. पहिल्या संध्याकाळी तो लागला तेव्हा सासूबाई खाली बसून वर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने मुलाला म्हणाल्या, "धूर नाई, वास नाई. ही लाईट चालते कायच्यावर रे?"

"कोयशावर."

"कोनता कोयसा? मले तं दिसत नाई कुठं."

"इथं कसा दिसन? तिकडं भट्टीत जायतात. जावई हायेत न, तिथं. आपल्या जिनिंगसारख्या शंभर भट्ट्या असतीन."

त्याच आठवड्यात सासूबाईंनी लेकीकडे जायचं काढलं, आणि सोबत मला घेतलं.

मलकापूरपर्यंत एसटी, तिथून पॅसेंजर. गाव यायच्या कितीतरी आधी खिडकीतून धुराडी दिसली. आमच्या जिनिंगचं धुराडं त्यांच्यापुढे चिलमीएवढं. सासूबाईंनी एकदा बोट दाखवलं आणि खाली घेतलं. नणंद स्टेशनवर आली होती. घरी पोचलो तर दारातल्या कडुनिंबाची पानं पिठात बुचकळल्यासारखी. इथली काजळी काळी नव्हती. करडी राख, मैद्यासारखी बारीक. अंगणात, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर, पाळण्याच्या दोरीवर. नणंदेचं पोर तान्हं होतं, आणि ते खोकत होतं. वाळवण म्हणाल तर नणंद ते खाटेवर, घराच्या आत करायची.

जावई ड्यूटीवरून आले. सासू आली म्हणून त्यांना कौतुक. अंगणात उभं राहून धुराड्यांकडे हात करत म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या मोताळ्याची लाईट इथूनच जाते बरं. हे इथं जळलं की तिकडं बल्ब लागते."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे माह्या घरचा धूर तुमच्या घरी आला?"

जावई हसले आणि मग हसायचे थांबले. नणंदच बोलली. कडेवरचं पोर सावरत म्हणाली, "हाव माय. भांडे देल्ले, गादी देल्ली, अन् धूर मांगून पाठोला आंदन म्हून."

ती गमतीनेच बोलली होती. आम्हीही हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी त्या म्हणाल्या, "इथला मोठा साहेब कोन हाये? मले नेऊन द्या." जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे ऐकणार नाहीत. शेवटी तेच फाटकापर्यंत आले आणि जरा लांब, एका झाडाआड उभे राहिले. ह्यांची आठवण झाली मला.

फाटकावर खाकी कपड्यातला पहारेकरी. "कोणाला भेटायचं?"

"ज्याचा हा धूर हाये त्याले."

"साहेब दौऱ्यावर आहेत."

"त्याच्या वरचा?"

"ते मुंबईला असतात."

"मुंबईले वारा जाते का इकडला?"

पहारेकऱ्याला काही कळलं नाही. तो चांगला माणूस होता, त्याने आम्हाला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. पाण्यावरही राखेचा पातळ थर होता. त्याने तो सवयीने बोटाने बाजूला सारला. सासूबाई पाणी प्यायल्या. आत कुठेतरी मोठी घरघर चालू होती, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या होत होत्या. बराच वेळ बसून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चाल. इथं कोनाशी भांडाव, तेच समजत नाई."

आम्ही तिथे आणखी काही दिवस राहिलो. सासूबाई रोज पोराला मोहरीच्या तेलाने चोळायच्या आणि ओल्या फडक्याने घर पुसायच्या. निघताना नणंद रडली नाही, त्याच रडल्या.

मोताळ्याला परतल्यावर त्यांना नवंच वेड लागलं. संध्याकाळी मी बल्ब लावला की त्या म्हणत, "काय शोधून राह्यली? सापडलं का? मंग कर बंद." भाकरी चुलीच्या उजेडात, जेवण कंदिलात. आमच्याच घरात असतं तर चाललं असतं, पण त्या आळीतही फिरू लागल्या. कोणाच्या घरात माणूस अंगणात आणि बल्ब आत जळताना दिसला की सरळ आत शिरून बटण दाबायच्या. मावशी ओरडायची, "काऊन व बाई, माह्या घरची लाईट तू कायले घालवतं?"

"बंद राहू दे. माह्या लेकीच्या घरात राख पडून राह्यली."

"एका बल्बानं?"

"एक तुहा, एक माहा. असंच करत करत तं एवढा ढीग झाला."

वीज गेली की आळी कण्हायची. ह्यांच्या मोटारी थांबायच्या. सासूबाई तेवढ्या ओट्यावर पाय पसरून समाधानाने बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आज पोट्टी मोकया श्वास घेत असन." वीज तारेत बिघाड होऊन गेलेली असते, तिकडच्या भट्ट्या तशाच चालू असतात, असं हे त्यांना समजावून सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी आली. पोर आता चालायला लागलं होतं. संध्याकाळ झाली, घरात अंधार, आणि सासूबाई कंदिलाची काच पुसत बसलेल्या. नणंदेने माझ्याकडून सगळी हकीकत ऐकली आणि पोट धरून हसली. मग उठली आणि खटकन बल्ब लावला.

"माय, मी इथं आली न आता? तिकडं कोनावर राख पडते? लाव आता महिनाभर."

सासूबाईंनी मिचमिच्या डोळ्यांनी बल्बाकडे पाहिलं. मग उठल्या, पोराला कडेवर घेतलं आणि बटणापाशी गेल्या.

"तू इथं हायेस," त्या म्हणाल्या, "पन जावई तिकडंच हाये न," आणि त्यांनी बल्ब बंद केला.